दिवंगत धर्मगुरू आणि देवळातले सोबती यांची आठवण धर्मग्रामाने कशी जपावी?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या धर्मग्रामात, म्हणजे तुमच्या देवळाच्या (चर्चच्या) ख्रिस्ती समाजात, पूर्वी सेवा केलेले बरेचसे धर्मगुरू आता हयात नाहीत, गायक मंडळातले आणि देवळाच्या कामातले जुने सोबतीही एकेक करून गेले. नोव्हेंबरात सगळ्यांसाठी मिळून एक मिस्सा (देवळातली वेदीवरची उपासना) होते, पण बाकीचं वर्षभर कुणी नाव काढत नाही. मिस्सेशिवाय आणखी काय करता येईल, असा तुमचा प्रश्न आहे.

मी वसईचा. आमच्या धर्मग्रामातही हाच प्रश्न उभा राहिला होता आणि त्यातून जे काम सुरू झालं त्यात मी आजही आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी धर्मगुरूंचं बघू, कारण खरी अडचण तिथेच आहे. आपल्या घरातलं माणूस गेलं की सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची मिस्सा, मग वर्षाची मिस्सा हे सगळं घरचे लक्षात ठेवतात. बायको, मुलगा, भाचा, कुणीतरी आधीच ऑफिसात जाऊन तारीख धरून येतं. धर्मगुरूंच्या मागे कोण असतं? आईवडील केव्हाच गेलेले असतात, भावंडं थकलेली असतात, पुतणे नोकरीधंद्यात असतात. शिवाय दर काही वर्षांनी बदली. इथे पाच-सहा वर्षं, तिथे पाच-सहा वर्षं, असं करत ते सात-आठ गावांचे होतात आणि शेवटी प्रत्येक गावाला वाटतं की दुसरं गाव त्यांची आठवण ठेवत असेल. ज्यांनी आपली लग्नं लावली, पोरांचे बाप्तिस्मे केले, आईबापांना मातीत ठेवलं, त्यांच्या नावाने वर्षाच्या मिस्सेचा हेतू (ती मिस्सा कुणासाठी ते) लिहून द्यायला कुणी जात नाही. मला याचं फार वाईट वाटतं. धर्मगुरूला मुलंबाळं नसतात, म्हणून त्यांच्या घरच्यांनी करायचं ते धर्मग्रामाने करायचं, असं मी मानतो. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर मुळात एवढंच आहे. बाकी सगळा तपशील.

धर्मगुरूंच्या अंत्यविधीला गेला असाल तर एक गोष्ट तुमच्या नजरेला पडली असेल. आपली शवपेटी देवळात ठेवतात तेव्हा पाय वेदीकडे असतात, म्हणजे माणूस जसा आयुष्यभर वेदीकडे तोंड करून बसला तसाच शेवटीही. धर्मगुरूंची पेटी मात्र परंपरेने उलट ठेवतात, डोकं वेदीकडे. जन्मभर ते लोकांकडे तोंड करून उभे राहिले, शेवटच्या मिस्सेलाही त्यांचं तोंड आपल्याकडेच.

आता करायचं काय? माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी पडली ती एक साधी जाड वही. संन्यासी संघांमध्ये जुनी पद्धत आहे की आपल्या संघातले कोण कोण आजच्या तारखेला वारले त्यांची नावं रोज वाचायची. त्यासाठी त्यांच्याकडे तारखेप्रमाणे लावलेली यादी असते. तशीच धर्मग्रामाची करायची. वर्षाप्रमाणे लावू नका, तारखेप्रमाणे लावा. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, प्रत्येक तारखेला अर्धं पान. मग आज कुणाचा दिवस आहे ते पान उघडलं की कळतं. पुढे कुणी गेलं की त्या पानावर ओळ वाढते.

नावं मिळवायला मेहनत आहे, पण वाटते तेवढी नाही. प्रत्येक धर्मग्रामात मृतांची नोंदवही असते, धर्मसभेच्या कायद्याने ती ठेवावीच लागते. त्यात आपल्या गावात दफन झालेले सगळे सापडतात. पण धर्मगुरू त्यात बहुधा सापडत नाहीत, कारण ते वारले दुसरीकडे. आमच्याकडे तर आणखी गुंता आहे. वसई धर्मप्रांत २२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. त्याआधी इथले धर्मगुरू मुंबईच्या देवळांत जात, तिकडचे इकडे येत. त्यामुळे आमच्या आजोबांच्या पिढीचे लाडके फादर मुंबईतल्या कुठल्यातरी दफनभूमीत आहेत आणि मुंबईतल्या कुणाचे तरी लाडके फादर इथे आमच्यात आहेत. तुमच्या देवळात आजवरच्या प्रमुख धर्मगुरूंच्या नावांचा फलक असेल, तिथून सुरुवात करा. सहायक धर्मगुरू त्या फलकावर नसतात, पण पोरांच्या मनात तेच जास्त बसलेले असतात. त्यांची नावं जुन्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदींखालच्या सह्यांत सापडतात. महोत्सवी वर्षाच्या स्मरणिका काढून बघा. धर्मप्रांताच्या कार्यालयाला विचारा, मृत्यूच्या तारखा त्यांच्याकडे असतात.

नाव आणि तारीख मिळाली की तिथेच थांबू नका. प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ लिहा. ओळ अशी हवी की तिच्यात तो माणूस दिसावा. ‘प्रेमळ, मनमिळाऊ, सेवाभावी’ हे सगळ्यांनाच लागू पडतं, त्यातून कुणीच दिसत नाही. आमच्या वहीत एका फादरांच्या नावापुढे एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलेली ओळ आहे: ‘पावसात वाडीत पाणी भरलं की सायकल देवळात ठेवून गुडघाभर पाण्यातून आजाऱ्यांना कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) घेऊन यायचे, चपला बाहेर धुऊन मगच घरात पाऊल ठेवायचे.’ दुसऱ्या एका ठिकाणी: ‘प्रवचन लांबायचं, पण कन्फेशनला (पापांची कबुली ऐकताना) कधी घाई केली नाही.’ हे धर्मगुरू मी बघितलेले नाहीत. तरी त्यांच्या दिवशी मी प्रार्थना करतो तेव्हा माझ्यासमोर कुणीतरी असतं.

या ओळी फक्त म्हाताऱ्या माणसांकडे आहेत, आणि ती माणसं थांबणार नाहीत. वही, मिस्सा, दफनभूमी यांतलं बाकी काही पुढे ढकललं तरी चालेल, हे ढकलू नका.

वही करण्याचं आणखी एक कारण आहे. दफनभूमीत जागा अपुरी. मुंबईत तर कबर ठरावीक काळानंतर पुन्हा उघडली जाते आणि नावाचा क्रूस काढावा लागतो. ज्यांच्या घरच्यांनी अस्थींसाठी कोनाडा घेतला त्यांचं नाव भिंतीवर राहतं, बाकीच्यांचं कुठेच राहत नाही. एकटा राहणारा सॅक्रिस्टन (देवळाची व्यवस्था बघणारा), लग्न न केलेली गायक मंडळातली बाई, आयुष्यभर देवळात फुलं लावणारी मावशी, यांना कोनाडा कोण घेणार? त्यांचं नाव वहीत तरी राहायला हवं.

आता मिस्सेबद्दल, कारण तुम्ही ‘मिस्सेशिवाय’ असं विचारलंत. मिस्सा बाजूला ठेवून ही आठवण होत नाही, असं मला वाटतं. संत ऑगस्टीनची आई संत मोनिका हिने ३८७ साली इटलीतल्या ओस्तिया बंदरात मरताना मुलांना सांगितलं की माझं शरीर कुठेही पुरा, त्याची चिंता नको, फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण करा. आफ्रिकेतल्या घरापासून इतक्या दूर मरत असलेल्या आईचं हे मागणं होतं. आपल्या बदली झालेल्या, परगावी पुरलेल्या धर्मगुरूंनाही हेच लागू आहे.

रोजच्या व्यवहारात एक फरक समजून घ्या, त्यावरून ऑफिसात नेहमी गोंधळ होतो. मिस्सेचा हेतू एक असतो. एका हेतूसाठी देणगी घेतली की ती मिस्सा त्या हेतूसाठीच. अनेक हेतू एकत्र करायची सूट काही ठिकाणी असते, पण देणाऱ्यांना आधी सांगून आणि त्यांच्या संमतीनेच. त्यामुळे वहीतल्या रोजच्या नावांसाठी रोजची मिस्सा धरता येणार नाही. पण श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत त्या दिवशीच्या दिवंगतांचं नाव घ्यायला अडचण नाही. त्याला पैसे लागत नाहीत, दहा सेकंद लागतात. आमच्याकडे सकाळच्या मिस्सेला वाचन करणारी व्यक्तीच वही बघून नाव घेते. धर्मगुरूंसाठी मात्र आम्ही वर्षाची खरी मिस्सा धरतो आणि ती वाड्यांमध्ये वाटून दिली आहे. एकेक वाडी एकेका फादरांचं घर झाली, असं समजा.

आणखी एक गोष्ट, जी मला मनापासून सांगायची आहे. आपण धर्मगुरूंचं कौतुक करतो आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायचं विसरतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ च्या जुलैत गेले. ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन, हरित वसईचा लढा, मराठीतलं बायबल, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. त्यांच्याबद्दल बोलणारे महाराष्ट्रभर होते आणि ते योग्यच होतं. पण धर्मगुरू म्हणून त्यांना आपल्याकडून हवी असते ती प्रार्थना. अंत्यविधीच्या मिस्सेत प्रवचनाच्या जागी गुणगान करू नये, असा धर्मसभेचा नियमच आहे. आठवणी सांगायच्या असतील तर कम्युनियननंतर कुणी थोडक्यात सांगू शकतं. आपले फादर थेट स्वर्गात गेले असं धरून चाललो की आपण प्रार्थना सोडतो आणि शुद्धिस्थानाची (मेल्यावर आत्मा शुद्ध होण्याची) शिकवण फक्त आपल्या घरच्यांपुरती उरते. धर्मगुरूही माणूस. त्याच्या खांद्यावर ओझं जास्त, हिशेबही जास्त. एखाद्या फादरांशी तुमच्या गावाचं भांडण झालं असेल, लोक त्यांच्यावर नाराज असतील, तर त्यांचं नाव आधी लिहा.

२ नोव्हेंबरची मिस्सा तुमच्याकडे होतेच. फ्रान्समधल्या क्लुनीचे मठाधिपती ओदिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मठांना हा दिवस लावून दिला आणि तिथून तो सगळीकडे पसरला. या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा करता येतात. १९१५ मध्ये, महायुद्धात माणसं हजारोंनी मरत असताना, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी ही मुभा सगळ्या धर्मसभेला दिली. त्यातली एक मिस्सा सर्व मृतांसाठी असते, म्हणजे ज्यांच्यासाठी कुणीच हेतू लिहून दिला नाही तेही तिच्यात आले. संध्याकाळी दफनभूमीत मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं घेऊन सगळे आपापल्या कबरींकडे जातात. त्यावेळी धर्मगुरूंच्या आणि धर्मभगिनींच्या कबरींजवळ कोण आहे ते बघा. तिथे पहिल्या कम्युनियनच्या वर्गातली मुलं नेमून द्या. मुलांना सांगा की या फादरांनी तुझ्या आजीचं लग्न लावलं. मूल ते विसरत नाही. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, आणि कन्फेशन, कम्युनियन व पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना या अटी पाळल्या, तर पूर्ण इंडल्जन्स (पापांच्या शिक्षेतून सूट) मिळते आणि ती फक्त मृतांनाच लावता येते. लोकांना हे माहीत असतं, पण घरच्यांसाठी. एक दिवस धर्मगुरूंसाठी ठेवा, एवढंच मी आमच्या वाडीत सांगत असतो.

सोबत्यांबद्दल थोडंच सांगतो, कारण त्यांची आठवण काढणारे तुम्ही आहातच. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, गेलेल्यांची यादी मात्र वेगळी काढा. कितीतरी जणांना देवळात आणताच आलं नाही, घंटा झाली नाही, शेजाऱ्यांनी माती घातली नाही. काहींचं दहन करावं लागलं आणि घरच्यांच्या मनात अजून खंत आहे. १९६३ पासून धर्मसभेने दहनाला परवानगी दिलेली आहे, हे त्यांना जरूर सांगा. अशा सगळ्यांसाठी घरच्यांना बोलावून, नावं मोठ्याने घेऊन एक मिस्सा आम्ही केली. इतकी वर्षं झाली, आता कशाला, असं आधी काही जणांनी म्हटलं होतं. तेच सगळ्यात पुढे बसले होते.

आणि देवळाशी जोडलेले पण ख्रिस्ती नसलेले लोक विसरू नका. मांडव घालणारे, बॅन्डवाले, देवळाच्या शाळेतले गुरुजी. मिस्सेत त्यांच्यासाठी प्रार्थना करायला काहीच आडकाठी नाही, आणि त्यांच्या घरच्यांना निरोप गेला तर ते येतात, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात करायची तर नोव्हेंबरची वाट बघू नका. आत्ताच प्रमुख धर्मगुरूंना भेटून नोंदवही बघायची परवानगी मागा, कारण ती त्यांच्या ताब्यात असते आणि त्यांच्या संमतीशिवाय बाहेर काढता येत नाही. सुवाच्य अक्षराची दोन तरुण मुलं बरोबर घ्या. एकाने नोंदी उतराव्यात, दुसऱ्याने रविवारच्या मिस्सेनंतर म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बसावं. निवृत्त धर्मगुरू जिथे राहतात तिथेही एकदा जाऊन या. आपल्या आधीच्या फादरांबद्दल ते जे सांगतील ते दुसरं कुणी सांगणार नाही, आणि त्यांनाही कुणीतरी भेटायला आलेलं हवंच असतं.