घरकामासाठी कॉर्डलेस ड्रिल कोणत्या ब्रँडचे घ्यावे?

आपण लिहिले आहे की चोपडा तालुक्यातील आपले घर अर्धे जुने धाब्याचे (मातीच्या भिंती-छताचे) आणि अर्धे स्लॅबचे आहे, मळ्यात ठिबक आहे, वर्षातून पंधरा-वीस वेळा ड्रिल लागते, आणि बॉश, मकिता, डीवॉल्ट व इंगको यांपैकी कोणते घ्यावे हे ठरत नाही. मी भुसावळला राहतो. नोकरीची सगळी वर्षे फिटर म्हणून गेली आणि आता घरच्या व भावंडांच्या घरच्या किरकोळ दुरुस्त्या माझ्याकडेच येतात, त्या अनुभवावर लिहितो. माझे मत थोडक्यात असे की या चारांपैकी कोणतेही मशीन आपले काम करील. बॅटरी मात्र जळगाव किंवा धुळ्याच्या दुकानात जाऊन हातोहात मिळेल अशीच घ्यावी.

कारण असे की मशीन दहा वर्षे टिकते, पण बॅटरी वापरली नाही तरी वयाने थकते. तीन-चार वर्षांनी नवी घ्यायची वेळ येते, आणि तेव्हा ती मिळाली नाही तर चांगले मशीन माळ्यावर जाऊन पडते. माझ्या ओळखीचे अमळनेरचे एक मेकॅनिक हेच एका वाक्यात सांगतात, “बॅटरी नही भेटनी ते मशीन खोकं शे, भाऊ.” एका ब्रँडची बॅटरी दुसऱ्याच्या मशीनला बसत नाही. इतकेच काय, एकाच ब्रँडच्या दोन मालिकांतही ती बसेलच असे नाही. बॉशच्या निळ्या (व्यावसायिक) आणि हिरव्या (घरगुती) मशीनच्या 18 व्होल्टच्या बॅटऱ्या वेगवेगळ्या आहेत. मकिताची 18 व्होल्टची एलएक्सटी मालिका 2005 पासून चालत आली आहे, पण तिची बॅटरी त्यांच्याच 40 व्होल्टच्या मशीनला चालत नाही. डीवॉल्ट, स्टॅनली आणि ब्लॅक अँड डेकर यांची मालक कंपनी एकच असली तरी त्यांच्या बॅटऱ्यांची अदलाबदल होत नाही. एकाची बॅटरी दुसऱ्याला जोडणारे अडॅप्टर मिळतात, परंतु काही जोड्यांमध्ये बॅटरी पार उतरण्याआधी मशीन थांबवणारी सोय त्यामुळे निकामी होते, म्हणून मी ते वापरत नाही.

व्होल्टच्या आकड्याने गोंधळून जाऊ नये. 18 व्होल्टच्या बॅटरीत लिथियमचे पाच सेल ओळीने जोडलेले असतात. प्रत्येक सेल सरासरी 3.6 व्होल्टचा, म्हणून एकूण 18. पूर्ण चार्ज झाल्यावर तोच सेल 4.2 पर्यंत चढतो आणि बेरीज 21 वर जाते. म्हणजे ‘18 व्होल्ट’ आणि ‘20 व्होल्ट मॅक्स’ ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत. डीवॉल्टची एकच मालिका युरोपात पहिल्या आणि अमेरिकेत दुसऱ्या नावाने विकली जाते. याउलट ‘48 व्हीएफ’, ‘88 व्हीएफ’ असे छापलेल्या स्वस्त बॅटऱ्या ऑनलाइन दिसतात, त्या आकड्यांना काहीही अर्थ नाही. माझ्या पुतण्याने अशीच एक मोठ्या कौतुकाने मागवली होती. पूर्ण चार्ज करून मल्टिमीटर लावला तर काटा साडेवीसच्या जरा वर थांबला. तळाचे चार स्क्रू काढून उघडली तेव्हा आत दहा सेलचे घर आणि त्यात पाचच सेल, उरलेले पाच खण रिकामे! वजन भरावे म्हणून त्यात निदान काही कोंबले तरी असते, असे त्या वेळी वाटून गेले.

आता कामांचे पाहू, कारण आपल्या घरात तीन प्रकारच्या भिंती आहेत. धाब्याच्या मातीच्या भिंतीत हॅमर (फिरता फिरता ठोके देण्याची सोय) अजिबात चालू करू नये. धक्क्याने माती सुटते, छिद्राची खोबण होते आणि प्लास्टिकची गिट्टी त्यात नुसती फिरत राहते. तिथे साध्या फिरकीवर छिद्र पाडून सागाची किंवा बाभळीची खुंटी ठोकावी आणि स्क्रू त्या खुंटीत पिळावा. भाजक्या विटांच्या भिंतीला हॅमरची सोय असलेले 18 व्होल्टचे ड्रिल पुरेसे होते. स्लॅब, बीम आणि कॉलम यांच्या वाटेला मात्र कॉर्डलेसने जाऊ नये, हे मी शिकलो ते एका आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी. लेकी माहेरी येणार म्हणून ओसरीच्या स्लॅबला झोक्याचा हूक बसवायला घेतला. 12 मिलिमीटरचे छिद्र पाडताना बॅटरी दोनदा तापून मशीन बंद पडले, बिटाचे टोक जळून निळे झाले, आणि अर्ध्या तासात छिद्र बोटाच्या एका पेरापलीकडे गेले नाही. शेवटी शेजारच्या वायरमनकडून वायरचे रोटरी हॅमर आणले, दुकानात ज्याला ‘दोन-सव्वीस’ म्हणतात ते, आणि काम मिनिटाभरात झाले. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बारीक थरथर निर्माण करतात; रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवेच्या दाबाने खरा ठोका देतो. त्यामुळे स्लॅबचे काम वर्षातून दोनदा असेल तर ते मशीन भाड्याने किंवा उसने आणावे.

ग्राइंडरलाही हेच लागू आहे. 18 व्होल्ट, 4 अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे 72 वॉट-तास. गेटच्या अँगलवर दाबून धरलेला ग्राइंडर 600 वॉट सहज ओढतो, म्हणजे हिशेबाने सात मिनिटे. घरात प्लग असताना कॉर्डलेस ग्राइंडरवर पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही. मळ्यात मात्र उलट आहे. ठिबकच्या सबमेनच्या पीव्हीसी पाइपला ग्रोमेटसाठी (नळी बसवायच्या रबरी कडीसाठी) छिद्रे पाडायची असतात तेव्हा वीज विहिरीजवळ आणि काम बांधाच्या टोकाला असते, शिवाय फेज कधी येईल ते आपल्या हाती नसते. त्या कामाला 12 व्होल्टचे छोटे ड्रिलही पुरते.

आपल्याकडे बॅटरीचा खरा शत्रू ऊन आहे. लिथियमची बॅटरी साधारण 40-45 अंशांच्या वर तापमान असताना चार्ज करू नये असे उत्पादक सांगतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतला पाराच तिथवर पोहोचतो. पत्र्याखालच्या खोलीत किंवा उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. काम संपताच गरम बॅटरी चार्जरला लावू नये. चांगला चार्जर दिवा लुकलुकवून नकार देतो, साधा चार्जर मुकाट्याने चार्ज करत राहतो. उन्हाळ्यात मी पहाटे चार्ज करतो आणि बॅटरी मधल्या घरात, अर्धी भरलेली ठेवतो. दिवाळीच्या साफसफाईनंतर पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच डब्यात टाकली तर पुढच्या आखाजीला ती चार्जच घेत नाही, हेही अनुभवाने सांगतो.

ब्रशलेस, म्हणजे कार्बन ब्रश नसलेल्या, मोटारीचा आग्रह धरू नये. ती कमी तापते आणि बॅटरी जास्त वेळ पुरवते हे खरे, पण वर्षातून वीस वेळा चालणाऱ्या मशीनला कार्बन ब्रशची मोटार पुरते, आणि झिजलेला कार्बन ब्रश कोणीही मोटार दुरुस्त करणारा बदलून देतो.

तर आपल्या जागी मी असतो तर बॉशची निळी 18 व्होल्ट किंवा मकिताची एलएक्सटी, यांपैकी ज्याची बॅटरी जवळच्या दुकानात शेल्फवर दिसेल ते, हॅमरची सोय आणि 13 मिलिमीटरचा चक (बिट पकडणारा जबडा) असलेले ड्रिल घेतले असते. एका 4 अँपिअर-तासाच्या बॅटरीऐवजी 2 च्या दोन घ्याव्यात: हात कमी दुखतो आणि एक चार्जरवर असताना दुसरी चालते. डीवॉल्ट त्याच तोडीचे आहे, दुकानदार त्याच्या बॅटऱ्या ठेवत असेल तर खुशाल घ्यावे. बजेट फारच आखडते असेल तर इंगको घेऊन पाहायला हरकत नाही, फक्त जादा बॅटरी पहिल्याच दिवशी सोबत घ्यावी. दुकानात गेल्यावर दुकानदाराला आधी इतकेच विचारावे की नुसती बॅटरी आज काय भावाने देता. तो “मागवून देतो” म्हणाला तर पुढच्या दुकानात जावे. घ्याल तेव्हा पक्के बिल मागावे आणि त्यावर मशीनबरोबर बॅटरीचा व चार्जरचाही सिरियल नंबर लिहून घ्यावा, कारण वॉरंटीत बॅटरीची मुदत बहुधा वेगळी आणि कमी असते.