काचेवरची फिल्म आणि निफाडची थंडी

प्रश्न : द्राक्षबाग असल्याने हिवाळ्यात निफाड-नाशिक फेऱ्या फार होतात. दुकानदार म्हणतो, "आत्ता सीझन नाही, स्वस्तात पडेल. फिल्म लावा, गाडी आतून उबदार राहील." पत्नीच्या गालावर वांग आहे, डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितलंय. फिल्म लावावी का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : आधी ते उबदार राहण्याचं प्रकरण मिटवू. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा रोज पेपरात वाचणाऱ्या माणसाला दुकानदाराने हे सांगावं, म्हणजे कमाल आहे! ऊन आत येतं आणि आतली ऊब काचेतून सहज बाहेर पडत नाही, हे काम साधी काचच करते, तुमच्या पॉलिहाऊससारखंच. वर चिकटवलेली फिल्म त्यात फारशी भर घालत नाही. उलट उष्णता अडवणारी महागडी सिरॅमिक फिल्म जानेवारीतलं कोवळं ऊनही बाहेरच ठेवणार. ऊब हवी तर इंजिन तापू द्या आणि हीटर लावा. ती उष्णता इंजिनाचीच, फुकटची असते.

मग हिवाळ्यात फायदा कसला? तुमच्या पत्नीचा. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून जातो. डिसेंबरअखेरीस नाशिकला भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो, त्यामुळे ऊन नुसतं टपावर न पडता बाजूच्या काचेतून सरळ मांडीवर येतं. निफाडहून नाशिकला निघालात की दक्षिण तुमच्या डाव्या हाताला, म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाच्या डाव्या गालावर. पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली. ती अतिनील किरण बहुतेक अडवते. दारांच्या काचा साध्या टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या एकाच थराच्या. त्यांतून यूव्हीए हा अतिनील किरणांचा प्रकार बऱ्यापैकी आत येतो, आणि हवा गार असल्याने आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. हे किरण अडवायला काळी फिल्म लागत नाही. जवळजवळ पारदर्शक, यूव्ही अडवणारी फिल्म मिळते, तीच मागा. मात्र गाडीच्या पुस्तिकेत 'यूव्ही कट' काचा लिहिल्या असतील तर खर्च करू नका.

डोळ्यांवर येणाऱ्या तिरिपेसाठी म्हणाल, तर तुमचा रस्ता नशीबवान आहे. सकाळी जाताना सूर्य पाठीशी, संध्याकाळी परतताना पुन्हा पाठीशीच. त्रास होतो तो आतल्या आरशात. त्या आरशाखाली एक छोटी कळ असते, ती ओढली की चमक मरते. ती कळ कधीच न हलवलेले लोक माझ्याकडे मागच्या काचेला काळी फिल्म मागायला येतात.

आता कायदा. २७ एप्रिल २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काचेवर कसलीही फिल्म चिकटवायला मनाई केली. पुढे केंद्राने मोटार वाहन नियम १०० बदलला. १ एप्रिल २०२१ पासून प्लास्टिकचा थर असलेल्या 'सेफ्टी ग्लेझिंग'ला जागा मिळाली, आणि मर्यादेतली फिल्म त्यात बसते असं २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं. पण तो निकाल केरळातला. आपल्याकडे नाशिकच्या द्वारका चौकात पोलिसांनी थांबवल्यावर तो वाचून दाखवायची तयारी असेल तरच या भानगडीत पडा.

मर्यादा अशी : पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. इथेच दुकानात गोम असते. "पन्नासची फिल्म आहे, नियमात बसते," असं सांगतात. पण कंपनीची काच मुळातच हिरवट असते. समजा ती ७५ टक्के उजेड सोडते. त्यावर पन्नासची फिल्म बसली की उरले साडेसदतीस. सत्तरची लावली तर साडेबावन्न, म्हणजे बाजूला कशीबशी पास आणि पुढच्या काचेला सपशेल नापास. फिल्म बसवल्यावर मीटर लावून आकडा दाखवा म्हणावं. मीटर नाही म्हणाला, तर दुकान बदला.

गडद फिल्मच्या मी पूर्ण विरोधात आहे, आणि त्यामागे पोलिसांची भीती नाही. हिवाळा म्हणजे उसाचा हंगाम. संगमनेर, कोपरगावकडे रात्री निघालात की पुढे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. त्यात धुकं. वळताना बाजूच्या काचेतून जे अंधुक दिसतं, त्यातलं निम्मं आपणच घालवायचं?

लावायचीच ठरली तर दुपारी लावा आणि गाडी उन्हात ठेवा. थंडीत फिल्मखालचं पाणी सावकाश सुकतं. काही दिवस दुधाळ डाग आणि बारीक फुगे दिसतील, ते नखाने दाबत बसू नका. आठवडाभर काचा खाली करू नका. अमोनिया असलेलं क्लीनर तर नकोच.

प्रश्न : पहाटे काचा आतून धुकटतात. फिल्मने थांबेल का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : नाही. हीटरसोबत एसी चालू करा आणि हवा आतल्या आत फिरवणारं बटण बंद ठेवा. मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकटपणा घालवणाऱ्या तारांच्या तांबूस रेषा असतील तर तिथली जुनी फिल्म ब्लेडने खरवडू देऊ नका. रेषा तुटली की तेवढा पट्टा कायमचा धुकट राहतो. वाफेने सैल करून काढणारा कारागीर गाठा.