वाचकांचे प्रश्न : धरणातली घरटी आणि होड्या

प्रश्न : आमच्या गावालगत धरणाचा फुगवटा आहे. पक्ष्यांच्या घरट्यांसाठी होड्या वर्षभर बंद कराव्यात, असा ठराव ग्रामसभेत येतो आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या फेऱ्यांवर होडीवाल्यांची घरं चालतात. वर्षभर बंदी खरंच लागते का?
— एक वाचक, भुसावळ तालुका

उत्तर : लागत नाही, आणि घातली तरी टिकत नाही. आपल्याकडे पाण्यावरची घरटी दोन हंगामांत आणि दोन वेगळ्या जागी होतात. फेब्रुवारीपासून पाणी उतरू लागलं की वाळूमातीची बेटं उघडी पडतात. त्यांवर नदी सुरय, छोटा आर्ली आणि टिटवी मे अखेरपर्यंत अंडी घालतात. जून ते सप्टेंबरमध्ये पाणवनस्पतींच्या उथळ पट्ट्यात कमळपक्षी आणि टिबुकली वीण करतात. भिंतीजवळच्या खोल, मोकळ्या पाण्यात यांपैकी कोणाचंच घरटं नसतं. तिथे उन्हाळाभर फेऱ्या चालू द्या, बेटांची बाजू तेवढी बंद ठेवा. हिवाळी बदकांचा प्रश्न वेगळा आहे, तो या ठरावात मिसळू नका.

प्रश्न : होडी घरट्याला लागतही नाही. मग नुकसान होतं कसं?
— एक वाचक, रावेर

उत्तर : आई-बाप उठल्यामुळे होतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर असतो. सुरयीचं घरटं म्हणजे वाळूत केलेला नुसता खळगा, त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी. अशा उन्हात पक्षी अंडी उबवत नाही, त्यांच्यावर सावली धरतो. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि त्या ओलाव्यानं अंडी गार ठेवतो. होडी फोटोसाठी तीस मीटरवर थांबली की सगळी वसाहत हवेत जाते. होडी हलेपर्यंत अंडी तापतात, आणि कावळ्याला मोकळं रान मिळतं.

पावसाळ्यातली तऱ्हा वेगळी. टिबुकलीला वेळ मिळाला तर ती निघताना ओल्या शेवाळानं अंडी झाकून जाते. होडी एकदम पुढ्यात आली तर तेवढी सवड मिळत नाही आणि पांढुरकी अंडी उघडी राहतात. कमळपक्ष्याची चार अंडी तर तरंगत्या पानांवरच असतात. इंजिनच्या लाटेनं ती घरंगळून पाण्यात जातात. वल्ह्याच्या होडीची लाट कमी असते हे खरं, पण ती थेट वनस्पतींत शिरते, म्हणून तिलाही मोकळीक देऊ नये.

प्रश्न : अंतर किती ठेवायचं? खुणा कशानं करायच्या? मागच्या वर्षी लावलेले कॅन एप्रिलमध्ये भरकटले होते.
— मच्छीमार संस्थेचे सभासद, मुक्ताईनगर तालुका

उत्तर : अंतर वादातून ठरवू नका, पक्ष्यांना ठरवू द्या. वसाहत बसू लागताच, अंडी पडण्याआधी, होडीवाल्यांना सोबत घेऊन वेगवेगळ्या दिशांनी सावकाश जवळ जा. पहिला पक्षी उठला की मोबाइलच्या जीपीएसवर ती जागा नोंदवून मागे फिरा. सगळ्यांत लांबचं जे अंतर निघेल त्यात ४० मीटर मिळवा. पक्षी उठण्याच्या बराच आधी मान ताठ करून बेचैन होतो, त्यासाठी हे वाढीव ४० मीटर. होडीवाल्यांनी डोळ्यांनी पाहिलेली रेघ ते पाळतात, असा आमचा ठाम विश्वास आहे.

खुणेसाठी घट्ट झाकणाचे २० लिटरचे कॅन घ्या, २५-३० मीटरवर एक. कीटकनाशकाचे कॅन मात्र अजिबात नकोत. नांगरासाठी घमेल्यात काँक्रीट ओतून त्यात सळईचा आकडा बसवा. एक घमेलं साधारण २५ किलोचं होतं. वाळूची पोती फाटतात.

तुमचे कॅन भरकटले ते बहुधा दोर सैल पडल्यामुळे. पाणी दोन मीटर उतरलं तर दोन मीटर दोर मोकळा होतो आणि कॅन वाऱ्यानं भटकतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर तर पाण्यावर तरंगतो आणि होडीच्या इंजिनाच्या पंख्यात गुंततो. म्हणून बुडणारा नायलॉनचा दोर घ्या. कॅनच्या मुठीला लोखंडी कडी बांधा, नांगराचा दोर तिच्यातून ओवा आणि मोकळ्या टोकाला दोन किलोचा धोंडा बांधून लटकू द्या. पाणी उतरेल तसा धोंडा खाली जाऊन दोर ताणलेला ठेवतो. दोराची लांबी त्या दिवशीच्या खोलीपेक्षा अर्धा मीटर जास्त पुरे. खोली निम्म्यावर आली की धोंडा तळाला टेकतो, तेव्हा दोर हातानं कमी करावा लागतो. कॅन फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात टाका. वसाहत बसल्यावर रेघ सरकवावी लागलीच तर ती बाहेरच्या बाजूला, सकाळच्या गारव्यात आणि झटपट सरकवा.

प्रश्न : ग्रामपंचायत अशी बंदी घालू शकते का?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : धरण जलसंपदा विभागाचं असेल तर नुसत्या ठरावानं भागत नाही. ठरावाला नकाशा, तारखा आणि मोजलेलं अंतर जोडून तो कार्यकारी अभियंता व वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे पाठवा, मच्छीमार संस्थेचं संमतिपत्र लावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये ‘शिकार’ या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरटी विस्कटणं येतं, हे ठरावात लिहा. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीनं लोक जैवविविधता नोंदवहीत वसाहतीची नोंद केली असेल तर तिचा उताराही जोडा.

प्रश्न : होड्या थांबल्या, तरी यंदा बेटावर एक पिल्लू वाचलं नाही. का?
— शिक्षक, शिरपूर

उत्तर : एप्रिलमध्ये बेट काठाला जोडलं गेलं असणार. पाणी आटलं की गाळाची चिंचोळी वाट उघडी पडते आणि कुत्री, मुंगूस, गुरं चालत बेटावर पोचतात. मार्चमध्येच ती वाट कुठे उघडेल ते पाहून ठेवा. तिथे विभागाच्या परवानगीनं काटेरी फांद्यांचं आडवं कुंपण घाला, दोन्ही टोकं पाण्यात पाच-सहा मीटर आत न्या आणि पाणी उतरेल तशी वाढवा. त्या तुकड्यावर गाळपेर, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या गाळावरची शेती, होत असेल तर शेतकऱ्याशी आधी बोला. टरबुजाच्या राखणीला आणलेलं कुत्रं रात्री मोकळं सुटतं, तेवढे तीन महिने ते बांधून ठेवायला कोणी नाही म्हणत नाही. बेटाभोवती जाळीही लावू नका. आणि सुरयीची छोटी पिल्लं पाण्याकडे पळालेली दिसली तर उचलून वर ठेवायला जाऊ नका; तुम्ही दूर झालात की ती आपणहून परत येतात.