‘हसाजी’चा हसण्याशी संबंध नाही

प्रश्न असा आला आहे: मुंबईतले पहिले सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) १७९६ साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर आणि इंग्रजी पुस्तकांतले सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हे एकच का? ‘हसाजी’ हे नाव हसण्यावरून पडले का? आणि मुलीच्या शाळेच्या प्रकल्पात यातले कोणते रूप लिहावे?

माणूस एकच, कोकणातल्या बेने इस्रायली या यहुदी समाजातला. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, मग दिवे गावावरून आडनाव, अशी आपली नेहमीची रीत. म्हणजे हसाजी हे वडील.

आता हसण्याचे. मांडवीतल्या सॅम्युएल स्ट्रीटवर, याच सिनेगॉगजवळ, वाटाड्यांच्या तोंडून हे मी तीनदा ऐकले आहे: ‘हसाजी म्हणजे हसतमुख माणूस.’ ऐकणारे वहीत लिहून घेतात आणि पुढच्या वर्षी तेच छापून येते. कृपा करून हे थांबवा. हसाजी म्हणजे यहेज्केल, बायबलमधला संदेष्टा. इ. स. पू. ५९७ मध्ये यरुशलेमहून बाबिलोनला धरून नेलेल्यांपैकी तो एक. नावाचा अर्थ ‘देव बळ देतो’. ‘हझक’ म्हणजे घट्ट, मजबूत, आणि ‘एल’ म्हणजे देव. त्याच्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात देव त्याला म्हणतो, लोकांच्या कपाळाइतकेच तुझे कपाळ मी कठीण केले आहे. तिथे मूळ हिब्रूत हाच ‘हझक’ शब्द येतो, म्हणजे देव त्याच्या नावावरच श्लेष करतो आहे. मराठी भाषांतरात तो दिसत नाही, दिसणे शक्यही नाही, पण मूळ ओळ कळली की हे नाव हसरे वाटणे कायमचे बंद होते.

मला सर्वांत आनंद देणारी गोष्ट म्हणजे यातला ‘ह’. हिब्रूतला हा घशातला ‘ह’ लिहायला ग्रीकांकडे अक्षर नव्हते, म्हणून त्यांनी तो गाळला. ग्रीकमधून लॅटिन, लॅटिनमधून इंग्रजी, असे होत होत ‘इझिकिएल’ झाले. बगदादच्या यहुद्यांनी ‘हस्केल’ म्हणून तो जपला. इराकचे पहिले अर्थमंत्री सासून हस्केल यांच्या नावात तो ऐकू येतो. आणि इकडे अलिबाग-रेवदंड्याकडच्या ज्या बेने इस्रायली घाणेवाल्यांना, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून, गाव ‘शनिवार तेली’ म्हणत होता, त्यांच्या तोंडीही तो राहिला. ग्रीक-इंग्रजीच्या वाटेवर जे हरवले ते आपल्या कोकणात टिकले.

मग ‘एल’ कुठे गेला? इथे माझे मत जरा विस्ताराने सांगतो. मराठीला ‘जी’ लावायचा असला की ती नावाचे शेपूट कापते. दत्तात्रयाचा दत्ताजी होतो, रामचंद्राचा रामाजी. महादेवाचा महादजी होताना तर ‘देव’च अर्धा कापला जातो. हसाजीत नेमके तेच घडले. शमुएलाचा सामाजी झाला, त्यातलाही ‘एल’ गेला. उलट एलियाचा एलोजी झाला, तिथे ‘एल’ नावाच्या तोंडाशी असल्यामुळे वाचला. आणि तो ‘ओ’ पाहा: मालोजी, खंडोजी, एलोजी! अब्राहामाचा आबाजी, बन्यामिनाचा बनाजी. साचा आपला, माती हिब्रू.

म्हणूनच ‘बेने इस्रायलींनी हिंदू नावे घेतली’ असे जे अभ्यासक सरसकट लिहितात, त्यांच्याशी माझे भांडण आहे. मोठमोठ्या ग्रंथांतही हे वाक्य सापडते. बायकांच्या नावांबद्दल ते बरेचसे खरे आहे, पुरुषांच्या या नावांबद्दल साफ चूक. हिंदू नावच हवे होते तर तयार रामाजी-दत्ताजी शेजारच्या आळीत होते. त्यांनी ते उचलले नाहीत. सुंतेच्या वेळी ठेवलेले हिब्रू नावच ते मराठी तोंडाने उच्चारत राहिले. दिवेकरांना तोरा (यहुद्यांचा धर्मग्रंथ) वाचायला बोलावायचे तर पुकारा ‘शमुएल बेन यहेज्केल’ असाच व्हायचा. ‘बेन’ म्हणजे मुलगा. ‘सामाजी हसाजी’ हे त्याचेच मराठी, शब्दाला शब्द. याला नाव बदलणे म्हणत नाहीत.

यहेज्केल नावाचे इतरही पुष्कळ होऊन गेले. अलेक्झांड्रियात मोशेवर ग्रीक नाटक लिहिणारा यहुदी नाटककार, प्रागचे रब्बी (यहुदी धर्मगुरू) लांडाऊ, कोचीनच्या सिनेगॉगला १७६० मध्ये घड्याळाचा मनोरा बांधून देणारे व्यापारी राहबी. आपल्या मुंबईचे कवी निस्सीम इझिकिएल बेने इस्रायलीच, पण त्यांच्या आडनावात इंग्रजी वळण आले आणि ‘ह’ गेला. मला त्याची हळहळ वाटते.

प्रकल्पात ‘सामाजी हसाजी दिवेकर’ लिहा, इंग्रजी रूप खाली बारीक अक्षरांत द्या.

आणि हसणारे नाव हवेच असेल तर तेही याच लोकांत आहे. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून अब्राहामाची बायको सारा हसली, म्हणून मुलाचे नाव इसहाक, ‘तो हसतो’. बेने इस्रायली त्याला म्हणत इसाजी.