'गॉस्पेल'ला 'भक्तिसंगीत' म्हणावे का?

अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन यांच्या 'स्लो ट्रेन कमिंग' या १९७९ साली निघालेल्या अल्बमवर लेख लिहीत असलेल्या एका वाचकाने विचारले आहे की, 'भक्तिसंगीत, दुःखगीत आणि रॉक यांचा मिलाफ असलेली ध्वनिफीत' हे वर्णन, म्हणजे 'गॉस्पेल'साठी 'भक्तिसंगीत' आणि 'ब्लूज'साठी 'दुःखगीत', मराठीत चालेल का, आणि 'गॉस्पेल'साठी मराठी बायबलमधला 'शुभवर्तमान' हा शब्द अधिक योग्य ठरेल का. माझ्या मते या वर्णनातला 'रॉक' तेवढा राहू द्यावा आणि बाकीचे तिन्ही शब्द बदलावेत. 'शुभवर्तमान' या शब्दाला लेखात जरूर जागा आहे, पण ती संगीतप्रकाराच्या नावाची नाही.

मूळ अर्थापुरते बोलायचे तर 'शुभवर्तमान' हा शब्द अगदी चपखल आहे. 'गॉस्पेल' हा जुन्या इंग्रजीतल्या 'गॉडस्पेल' म्हणजे 'चांगली वार्ता' या शब्दापासून आला, आणि तोही 'शुभवार्ता' या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा अनुवाद होता. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या ग्रंथांना मराठीत शुभवर्तमानेच म्हणतात. गाण्याला हे नाव लागले ते पुष्कळ नंतर. १८७० च्या दशकात मूडी आणि सँकी या अमेरिकी धर्मप्रचारकांच्या धर्मजागृतीच्या सभांमधून गायल्या जाणाऱ्या सोप्या, ठेकेदार गीतांना 'गॉस्पेल साँग' म्हणू लागले. आज मात्र संगीताच्या संदर्भात नुसते 'गॉस्पेल' म्हटले की बहुधा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये घडलेली गायनशैली अभिप्रेत असते, आणि तिची जडणघडण मुख्यतः १९३० च्या दशकात शिकागोत झाली.

त्या जडणघडणीत थॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. हे गृहस्थ आधी 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजवत असत, मा रेनी या गायिकेला पियानोची साथ करीत आणि १९२८ साली टॅम्पा रेड यांच्याबरोबर त्यांनी एक चावट गाणे ध्वनिमुद्रित करून अमाप लोकप्रियताही मिळवली होती. १९३२ साली बाळंतपणात त्यांची पत्नी गेली, पाठोपाठ नवजात मूलही गेले, आणि त्या आघातानंतर त्यांनी 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' हे प्रार्थनागीत रचले. ब्लूजची वळणे ते चर्चमध्ये आणत आहेत म्हणून सुरुवातीला अनेक धर्मोपदेशकांनी त्यांच्या गाण्यांना विरोध केला. म्हणजे 'गॉस्पेल' आणि 'ब्लूज' या ज्या दोन शब्दांना आपण लेखात वेगवेगळे घटक म्हणून मांडतो, त्यांचे गोत्र मुळात एकच आहे, आणि एकाला 'भक्तिसंगीत' व दुसऱ्याला 'दुःखगीत' म्हटले की हे नाते वाचकाला दिसतच नाही.

'भक्तिसंगीत' हा शब्द टाळण्याचे आणखी एक कारण आपल्याकडचेच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंगांच्या आणि भजनांच्या घाटात ख्रिस्ती गीते रचली. ती निःसंशय ख्रिस्ती भक्तिगीते आहेत. 'गॉस्पेल म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीत' अशी व्याख्या स्वीकारली, तर टिळकांचे अभंगही गॉस्पेल ठरतील. तसे कोणीही म्हणणार नाही, कारण गॉस्पेल ही विशिष्ट समाजाची विशिष्ट गायकी आहे. ठुमरीला कोणी 'प्रेमगीत' म्हणून मोकळे होत नाही, तसेच हे आहे.

'दुःखगीत' हा शब्द तर मुळातच दिशाभूल करणारा आहे. खिन्नतेच्या इंग्रजी शब्दातून 'ब्लूज' हे नाव आले हे खरे, परंतु ब्लूजमध्ये बढाई आहे, थट्टा आहे, शृंगार आहे. ब्लूजची ओळख आशयापेक्षा घाटावरून पटते. त्याचा सर्वांत परिचित साचा बारा मात्राखंडांचा असतो, त्यात पहिली ओळ दोनदा गायली जाते आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते. स्वरांपैकी गंधार बरेचदा कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लावला जातो.

आता प्रत्यक्ष अल्बमकडे वळू, कारण शब्दांचा हा फरक तिथे कानाला ऐकू येतो. ज्यू कुटुंबात जन्मलेले डिलन १९७८ च्या अखेरीस ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले आणि १९७९ च्या वसंतात अलाबामातल्या शेफील्ड येथील 'मसल शोल्स साउंड स्टुडिओ'त त्यांनी ही नऊ गाणी ध्वनिमुद्रित केली. जेरी वेक्सलर आणि बॅरी बेकेट हे निर्माते होते, गिटारवर मार्क नॉफ्लर होते. यातल्या 'गॉना चेंज माय वे ऑफ थिंकिंग' या गाण्याचे कडवे पाहावे: पहिली ओळ पुन्हा म्हटली जाते, मग तिसरी ओळ येते, मागे गिटारची तीच ती जड सुरावट चालू राहते. साचा नखशिखान्त ब्लूजचा आहे, आशय मात्र पश्चात्तापाचा आणि श्रद्धेचा. याउलट शेवटच्या 'व्हेन ही रिटर्न्स' या गाण्यात डिलन यांचा आवाज आणि बेकेट यांचा पियानो एवढेच आहे, आणि तो पियानो चर्चमधल्या गॉस्पेल पियानोच्या चालीने जातो. 'गॉटा सर्व्ह समबडी'मध्ये साथीच्या गायिका धृपदाला प्रतिसाद देतात, तीही गॉस्पेलचीच रीत. शाहिरीतले झीलकरी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना 'या गायिका झील धरतात' असे लिहिलेले लगेच समजेल, आणि तो शब्द मला 'पार्श्वगायन'पेक्षा कितीतरी सरस वाटतो. पार्श्वगायन आपल्याकडे चित्रपटाला बांधले गेले आहे.

म्हणून या अल्बमबद्दल लिहिताना शब्दांचे काम वाटून द्यावे. सगळ्या गाण्यांचा आशय शुभवर्तमानाचा आहे. गॉस्पेल हे त्यातल्या काही गाण्यांच्या गायकीचे नाव आहे. इंग्रजी लेखनात दोन्हींसाठी एकच शब्द असल्यामुळे 'डिलन यांचा गॉस्पेल काळ' म्हणताना नेमके काय म्हणायचे आहे ते संदिग्ध राहते. मराठीत दोन शब्द उपलब्ध आहेत, तर ही संदिग्धता आपण मुद्दाम का ओढवून घ्यावी?

प्रकारांच्या नावांना किती वजन असते हे निर्माते वेक्सलर यांना चांगले ठाऊक होते. १९४९ साली ते 'बिलबोर्ड' या साप्ताहिकात काम करीत होते, आणि कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीला तोवर असलेले 'रेस रेकॉर्ड्स' हे वंशवाचक नाव काढून 'रिदम अँड ब्लूज' हे नाव त्यांनीच सुचवले.

'ध्वनिफीत' म्हणजे कॅसेट आणि 'ध्वनिमुद्रिका' म्हणजे तबकडी. दोन्ही शब्द वस्तूचे आहेत. कलाकृतीबद्दल बोलताना 'अल्बम' हा रुळलेला पुल्लिंगी शब्दच वापरावा, आणि मैफलीत ध्वनिमुद्रित झालेल्या अल्बमपासून वेगळा दाखवायचा असेल तेव्हा 'स्टुडिओ अल्बम' म्हणावे. लेखातले वाक्य असे करता येईल: 'शुभवर्तमानाचा आशय गॉस्पेल, ब्लूज आणि रॉक यांच्या घाटात मांडणारा स्टुडिओ अल्बम'. 'ब्लूज' लिहिताना ज खाली नुक्ता देण्याची गरज नाही, कारण 'रोज'मधला ज आपल्याकडे आहेच. आणि मूळ शब्दाचे रूप अनेकवचनी असले तरी मराठीत तो एकवचनी ठेवावा, म्हणजे 'ब्लूज गायला जातो' असे वाक्य सरळ होते.