फेरिटिन ४१० आलंय, आता पालेभाजी पण बंद का?

प्रश्न : माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत, प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडांत गेलेला नाही असं स्कॅनमध्ये आलंय. हॉर्मोनचं इंजेक्शन चालू आहे, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) छान खाली आलाय. पण हिमोग्लोबिन १३.९ होतं ते ११.८ झालं आणि फेरिटिन ४१० आलं. दिरांनी मोबाईलवर वाचलं की रक्तात लोह जास्त असलं की हा कॅन्सर झपाट्याने वाढतो, तेव्हापासून पालेभाजी, खजूर, लोखंडी कढई सगळं बंद! आत्याबाई म्हणतात रक्त कमी झालंय, आयर्नची गोळी सुरू करा. कुणाचं ऐकायचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तूर्तास दोघांचंही नको.

आधी हिमोग्लोबिनचं बघू, कारण ते सोपं आहे. टेस्टोस्टेरॉन रक्त तयार करायला मदत करतं, म्हणून तर पुरुषांची खालची हद्द १३ आणि बायकांची १२ धरतात. हे इंजेक्शन तेच टेस्टोस्टेरॉन बंद पाडतं, मग पहिल्या काही महिन्यांत हिमोग्लोबिन एक-दोन पॉइंटने उतरणं हे नेहमीचंच आहे, त्याचा अर्थ कॅन्सर वाढला असा लगेच काढू नका, पीएसए खाली आहे ना. आणि लोह कमी नसताना आयर्नची गोळी देऊन हे भरून निघत नाही, पोट मात्र बिघडतं.

आता फेरिटिन. हे लोहाचं गोदाम, बरोबर, पण ४१० म्हणजे लोहच जास्त झालं असं नाही, कारण अंगात कुठेही सूज असली, इन्फेक्शन असलं, फॅटी लिव्हर असलं, कॅन्सर असला तरी हा आकडा वर जातो. अशा वेळी लिव्हर हेपसिडिन नावाचं हॉर्मोन जास्त सोडतं आणि लोह गोदामातच अडकून राहतं, म्हणजे फेरिटिन भरपूर आणि रक्ताला लोह मिळत नाही, दोन्ही एकदम! म्हणून एकट्या फेरिटिनवर काही ठरवू नका, डॉक्टरांना विचारून 'आयर्न स्टडीज' (लोहाच्या रक्ततपासण्या) करून घ्या आणि त्यात ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघा, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं जे प्रथिन असतं ते किती टक्के लोहाने भरलंय. ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर वापरायला लोह कमी पडतंय, सतत ४५ च्या वर असेल तर खरंच लोह साठतंय का ते शोधावं लागेल.

दीर म्हणतात त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही हं. पेशी वाढायला लोह लागतंच आणि प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी ते जास्त ओढून घेतात हे लॅबमध्ये दिसलंय. २००८ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या एका मोठ्या ट्रायलचे आकडे आले, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले १२७७ जण, निम्म्यांचं ठरावीक काळाने रक्त काढून लोह कमी ठेवलं, तर त्यांच्यात नवीन कॅन्सर ३८ जणांना झाले आणि बाकीच्या निम्म्यांत ६०. पण ही कॅन्सर नसलेली माणसं होती आणि ट्रायल मुळात रक्तवाहिन्यांसाठी होती, त्यावरून झालेला कॅन्सर लोहाने किती पळतो ते कळत नाही. शिवाय उलटी बाजूही आहे, पेशीत लोह फार झालं की ती मरते, त्याला २०१२ मध्ये फेरोप्टोसिस असं नाव मिळालं आणि कॅन्सरची पेशी अशी मारता येईल का यावर काम चाललंय. मग सासऱ्यांच्या ताटातून मेथी काढून नेमकं काय साधणार? (आपल्याकडे नेटवर अर्धं वाचून पूर्ण पथ्य सुरू होतं.) भाजीतलं लोह तसंही अंगी कमीच लागतं. कढई काढा परत माळ्यावरून. खरं तर या इंजेक्शनने स्नायू आणि हाडं झिजतात, तेव्हा डाळ, दूध, अंडी चालत असतील तर अंडी, आणि रोज चालणं, हे जास्त महत्त्वाचं.

व्हिटॅमिन ई वगैरेच्या गोळ्याही मनाने देऊ नका, अमेरिकेतल्याच सिलेक्ट ट्रायलमध्ये ती घेणाऱ्यांना प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त झाला होता.

सॅच्युरेशन आणि फेरिटिन दोन्ही कमी आले तर मात्र गोळी डॉक्टर देतीलच, कॅन्सर आहे म्हणून ती वर्ज्य नाही. पण या वयात पुरुषाचं लोह कमी झालं की रक्त कुठून जातंय ते आधी शोधतात, लघवीतून, मूळव्याधीतून, की अ‍ॅस्पिरिनमुळे पोटातून. प्रोस्टेटला रेडिएशन झालं असेल तर तेही सांगा, त्यानंतरही गुदमार्गातून रक्त जाऊ शकतं. आणि आयर्नची गोळी चालू असताना शी काळी होते त्याला घाबरायचं नाही, गोळी चालू नसताना डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.