शाळेने नववीला स्वतःचा टॅब आणायला सांगितलाय, १५ हजारांत कुठला घेऊ?

मुलगी आयपॅडच हवा म्हणून रुसलीये, असं तुम्ही लिहिलंय. तिचं काही चुकलं नाही. वर्गात कोणाच्या हातात काय असणार, हे मुलांना आपल्याआधी कळतं.

मी वडोदऱ्यात गणित शिकवून निवृत्त झालो. आमच्या शाळेत (नाव सांगत नाही, ग्रॅच्युइटीचं काम अजून अडलंय) नववीला टॅब सुरू झाले तेव्हा तो वर्ग माझा होता. ४४ मुलं. जिओजेब्रावर (गणिताच्या आकृत्या काढायचं ॲप) वर्तुळ काढायला लावलं. जीवा तीच ठेवून परिघावरचा बिंदू तिच्या एकाच बाजूला बोटाने सरकवायचा, जीवेची दोन टोकं त्याला जोडून होणारा कोन तेवढाच राहतो. फळ्यावर हे मी कितीतरी वर्षं घसा फोडून सांगत होतो, इथे पोरांनी दोन मिनिटांत पाहिलं. खोटं कशाला बोलू, मी खूश होतो.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, मारो खूणो हलतो ज नथी." म्हणजे, माझा कोन हलतच नाही. त्या पोराच्या वडिलांची गावातल्या मांडवी भागाकडे सेव-उसळीची हातगाडी, टॅब कुणाकडून तरी जुना घेतलेला, सात इंची. बिंदूला हात लावला की अडकायचा. वर्ग हसला. शेजाऱ्याने स्वतःचा महागडा टॅब पुढे केला, पण पोराने घेतला नाही. मी त्याला कंपासपेटी काढायला सांगितलं. त्याने वहीत वर्तुळ काढलं, तीन कोन मोजले. ४७, ४७ आणि ४८. म्हणतो, सर, हा एक अंश जास्तीचा कुठून आला?

उरलेला तास त्या एका अंशावर गेला. पेन्सिलीचं टोक किती जाड, कोनमापकाचा मध्य नेमका शिरोबिंदूवर होता का, मोजणं म्हणजे काय. तिघा-चौघांनी टॅब उलटे ठेवून वह्या काढल्या. टॅबवर कोन इतका बिनचूक सारखा येत होता की त्यावर विचारायला काही उरलंच नव्हतं.

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही जुन्या वळणाचे." जुन्या वळणाचा मी? टॅब घ्या असं आधी मीच लिहून दिलं होतं. माझं म्हणणं एवढंच होतं की शाळेने २२ घ्यावेत, सगळे एकाच जातीचे, कपाटात ठेवावेत आणि दोघांत एक द्यावा. १२ हजारांनी धरले तरी २ लाख ६४ हजार. उत्तर आलं, बजेट नाही, शिवाय फुटले तर जबाबदारी कोणाची? मग ४४ घरांनी ४४ घेतले. त्याच भावाने ५ लाख २८ हजार. लोकांच्या खिशातून गेले म्हणून तो खर्च नाही? वडोदऱ्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पण ते मोफतही केलं. आमच्याकडे सक्ती तेवढी उचलली.

बरं, तुमचा प्रश्न. १५ हजारांत काम होतं. पडदा दहा इंचांच्या आसपास, रॅम ४ जीबीच्या खाली नको, सिमवाला अजिबात नको. जाड कव्हर पहिल्याच दिवशी. एनसीईआरटीची पुस्तकं घरीच डाउनलोड करून द्या, फुकट आहेत. अख्खा वर्ग एका वायफायवर चढला की काही उघडत नाही. आणि रात्री घरून चार्ज करूनच पाठवा, आमच्या वर्गात प्लग दोन होते. आयपॅड घेऊ नका. परवडत असला तरी.

हे सगळं मी गणितवाला म्हणून बोलतोय. ज्याला बारीक अक्षर दिसत नाही अशा मुलाला टॅबवर अक्षर मोठं करून वाचता येतं, तिथे माझा वाद नाही. आणि मी निवृत्त होऊन सात वर्षं झाली, आता शाळा सुधारल्याही असतील.

पण पैसे भरण्याआधी एक करा. शाळेला लेखी विचारा: शाळेच्या वेळात टॅब फुटला तर भरून कोण देणार, आणि ज्याच्याकडे टॅब नाही त्याने त्या तासाला काय करायचं? उत्तर आलं की इथे जरूर टाका. मला ते आमच्या मॅडमना पाठवायचंय.